घरी मार्शल आर्ट्सचा सराव आणि स्पारिंग : साहित्य कसं निवडावं, कोणत्या क्रमाने घ्यावं

घरच्या सरावाचं साहित्य घेताना बहुतेक जण सुरुवात पंचिंग बॅगेपासून करतात. बॅग घरी आली की ती टांगायची कुठे हा प्रश्न पडतो. आठवडाभराने मनगट दुखायला लागलं की हाताला गुंडाळायच्या बँडेजची आठवण होते. मित्र स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, आला की बॅगेवर बडवून कडक झालेले तेच ग्लोव्हज त्याच्या तोंडावर वापरले जातात. यात वस्तू वाईट नसतात, क्रम उलटा असतो. जागा, जमीन, हात, बॅग आणि सगळ्यात शेवटी समोरचा माणूस, या क्रमाने गेलात तर निम्म्या चुका आपोआप टळतात.

टप्पा १ : काय कशावर आदळणार ते लिहून काढा

दुकानात जाण्याआधी कागदावर तीन गोष्टी लिहा : मार कशाने बसणार (मूठ, नडगी, पाऊल, कोपर), तो कशावर बसणार (बॅग, जोडीदाराने धरलेला पॅड, माणूस), आणि कुणी जमिनीवर पडणार आहे का. यादी या तीन उत्तरांतूनच निघते.

- फक्त ठोसे : बँडेज, ग्लोव्हज, बॅग. स्पारिंग असेल तर माउथगार्ड (दातांसाठी), ग्रोइन गार्ड (जांघेसाठी), हेडगार्ड (डोक्यासाठी).
- ठोसे आणि लाथा : वरचं सगळं, शिवाय शिनगार्ड (नडगीसाठी) आणि लांब बॅग.
- ज्यूदो, जुजुत्सू : गणवेश, माउथगार्ड आणि चांगली मॅट. खर्चाचा मोठा भाग मॅटवरच जायला हवा.
- कराटे, तायक्वांदो : ज्या संघटनेच्या नियमांनी खेळता, तिने मान्य केलेलंच साहित्य घ्या. कराटेचे पातळ मिट (हातमोजे) आणि बॉक्सिंग ग्लोव्हज एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

बॅग, ग्लोव्हज आणि बँडेज एकाच खोक्यात मिळणारे ‘सेट’ टाळा. त्यातली बॅग बहुधा हलकी असते आणि ग्लोव्हज एकाच मापाचे. सेट स्वस्त वाटतो, पण ग्लोव्हज लगेच बदलावे लागतात.

टप्पा २ : जागा मोजा

मोजपट्टी घ्या. टांगलेल्या बॅगेभोवती किमान १.५ मीटर मोकळी जागा लागते, लाथा मारायच्या असतील तर २ मीटर. दोघांच्या हलक्या ठोशांच्या सरावाला ३ × ३ मीटर पुरतं. जमिनीवरच्या ग्रॅपलिंगला, म्हणजे पकडापकडीच्या झुंजीला, ४ × ४ मीटर हवं, कारण लोळताना माणसं सरकत सरकत भिंतीपर्यंत जातात. हात वर ताणून उभं राहिल्यावर छत किंवा पंखा बोटांपासून ३० सेंटिमीटरच्या आत असेल, तर तिथे दोरीवरच्या उड्या आणि उंच लाथा नकोत.

उभ्याने फेकण्याचा सराव घरी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आंतरराष्ट्रीय ज्यूदो महासंघाच्या नियमांत लढतीची जागा किमान ८ × ८ मीटर असते आणि तिच्याभोवती वेगळी सुरक्षित पट्टी असते. घरातल्या खोलीत फेकलेला माणूस मॅटवर पडतो, पण त्याचा पाय कपाटावर आदळतो. घरी ग्रॅपलिंग गुडघ्यांवरून सुरू करा.

> तपासा : डोळे मिटून जागेच्या मध्यापासून प्रत्येक दिशेला दोन मोठी पावलं सावकाश टाका. पाऊल किंवा हात कशालाही लागला, तर ती वस्तू हलवा किंवा जागा लहान धरा.

टप्पा ३ : जमीन

एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट घरासाठी सोयीच्या. ठोसे-लाथांसाठी २० मिलिमीटर जाडी, पडणं आणि लोळणं असेल तर ४० मिलिमीटर. ‘मऊ ते चांगलं’ ही समजूत इथे चालत नाही. फार मऊ मॅटवर पाऊल रुततं, वळताना टाच जागीच राहते आणि गुडघा फिरतो. योगासनांची मॅट तर या कामाची नाहीच, ती पायाखालून सरकते.

मॅट घेताना टाच जोरात दाबून पाहा. खालची फरशी टाचेला लागली तर मॅट पातळ आहे. मग गुडघ्यावर बसून हलकेच आपटून पाहा. गुडघ्याला ठणका जाणवला तर ग्रॅपलिंगसाठी ती नको.

अंथरण्याआधी फरशी झाडून, पुसून पूर्ण कोरडी करा. मॅट भिंतीला टेकवून बसवता आल्या तर सांधे उघडत नाहीत. मधोमध बसवायच्या असतील तर उलट्या बाजूने सांध्यांवर रुंद चिकटपट्टी लावा. पायाचं बोट अडकून मुरगळतं ते बहुतेक वेळा दोन मॅटमधल्या फटीतच.

टप्पा ४ : हात

*बँडेज.* मोठ्यांच्या हाताला ४.५ मीटर लांबीचं, किंचित ताणलं जाणारं बँडेज घ्या. लहान मुलांना सुमारे २.७ मीटर पुरतं. ग्लोव्हच्या आत घालायचे तयार जेलचे मोजे सोयीचे असतात, पण मनगटाला हवा तसा आधार देत नाहीत. निदान शिकत असताना बँडेजच वापरा.

गुंडाळताना बोटं पूर्ण फाकवलेली हवीत. मूठ वळून गुंडाळलं तर बँडेज सैल पडतं. क्रम असा :

1. फासा अंगठ्यात अडकवा आणि पट्टी तळहाताकडून नव्हे, हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्या.
2. मनगटाला तीन वेढे, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवून.
3. हाताच्या पाठीवरून तिरकं वर जाऊन मुठीच्या सांध्यांवर तीन वेढे.
4. करंगळीपासून सुरुवात करून दोन-दोन बोटांमधून एकेक फेरा, प्रत्येक वेळी मनगटाकडे परत.
5. अंगठ्याला एक वेढा, मग उरलेली पट्टी सांध्यांवर आणि शेवटी मनगटावर. वेल्क्रो मनगटावरच संपला पाहिजे.

> तपासा : मूठ वळल्यावर पट्टी घट्ट आणि हात उघडल्यावर सुखद वाटली पाहिजे. बोटांची टोकं पांढरी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून पुन्हा बांधा. ‘थोड्या वेळाने सैल होईल’ म्हणून तसंच खेळू नका.

*ग्लोव्हज.* ग्लोव्हजचं माप औंसात असतं. तो आकडा ग्लोव्हचं वजन सांगतो, हाताचा आकार नाही. १० औंस म्हणजे सुमारे २८३ ग्रॅम, १२ म्हणजे ३४०, १४ म्हणजे ३९७ आणि १६ म्हणजे ४५४ ग्रॅम. हे प्रत्येक ग्लोव्हचं वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक ग्लोव्ह ठेवून पाहा. छापलेल्या आकड्यापेक्षा फारच हलका भरला तर गादीत काटछाट झालेली आहे.

बॅग आणि पॅडसाठी १० किंवा १२ औंस. स्पारिंगसाठी ७० किलोच्या आसपास आणि त्यापुढच्या माणसाने १६ औंस, ५५ ते ७० किलोच्या दरम्यान १४, त्याहून हलक्या प्रौढांनी १२. शंका आली तर वरचं माप घ्या. स्पारिंगमध्ये ग्लोव्हची जाडी तुमच्या हातापेक्षा समोरच्याच्या चेहऱ्यासाठी असते, म्हणून ‘मला जड ग्लोव्हज झेपत नाहीत’ ही सबब धरू नये.

बॅग आणि स्पारिंग यांच्यासाठी दोन जोड्या लागतातच. बॅगेवरचा रोजचा मार गादी दाबून टणक करतो. बाहेरून ग्लोव्ह नवा दिसतो, आत मात्र मुठीपुढे पातळ थर उरलेला असतो. पैसे एकाच जोडीचे असतील तर स्पारिंग पुढे ढकला.

घरी लेसऐवजी वेल्क्रोचा ग्लोव्ह घ्या, लेस एकट्याला बांधता येत नाही. अंगठा ग्लोव्हला शिवून जोडलेला हवा. मोकळा अंगठा समोरच्याच्या डोळ्यात जातो, नाहीतर तुमचाच मुरगळतो. उघड्या बोटांचे ४ औंसांचे ग्लोव्हज मिश्र मार्शल आर्ट्सच्या (एमएमए) स्पर्धेसाठी असतात. त्या प्रकारात सराव करायचा असेल तर सुमारे ७ औंसांचे जाड गादीचे ग्लोव्हज मिळतात.

> तपासा : ग्लोव्ह नेहमी बँडेज बांधूनच घालून पाहा. बोटांची टोकं वरच्या शिवणीला जेमतेम टेकली पाहिजेत आणि मूठ ताकद न लावता मिटली पाहिजे. मग मूठ भिंतीला लावून हळूहळू जोर द्या. मनगट मागे दुमडत असेल तर पट्टा आखूड किंवा ढिला आहे.

टप्पा ५ : बॅग आणि तिची टांगणी

बॅगेचं वजन साधारण स्वतःच्या वजनाच्या निम्मं, हा जुना अंदाज आजही चांगला आहे. ७० किलोच्या माणसाला ३५ किलोच्या आसपासची बॅग. हलकी बॅग प्रत्येक ठोशाला उडते. मग माणूस तिच्या मागे पळत राहतो आणि ठोसा ऐन वेळी चुकीच्या कोनात बसून मनगट वळतं. फक्त ठोशांसाठी १०० ते १२० सेंटिमीटर लांबी पुरते. खालच्या लाथांसाठी १८० सेंटिमीटरची, जमिनीपासून थोडी वर संपणारी बॅग हवी.

*भरणी.* बॅगेत सुटी वाळू भरू नका. ती हळूहळू तळाशी जाऊन सिमेंटसारखी घट्ट होते. मग वरचा भाग पोकळ आणि खालचा दगड, आणि खालची लाथ नेमकी त्या दगडावर बसते. भरायच्या जुन्या कपड्यांची बटणं, चेन आणि हुक कापून टाका. कपड्यांचे लहान तुकडे करून १५-२० सेंटिमीटरचा एकेक थर टाका आणि प्रत्येक थर जाड दांड्याने ठोकून दाबा. वजन कमीच पडलं तर वाळू छोट्या, दुहेरी बांधलेल्या पिशव्यांत भरून बॅगेच्या अगदी मधोमध ठेवा, चहूबाजूंनी कापडाचा जाड थर सोडून. पहिल्या काही आठवड्यांत भरणी बसते आणि वर पोकळी होते. तिथे आणखी कापड भरा.

*टांगणी.* हा भाग घाईने उरकला जातो आणि पुढे छताचा तुकडा घेऊन खाली येतो. हलणारी बॅग छताला आपल्या स्थिर वजनापेक्षा खूप जास्त ओढ देते, तीही वर-खाली आणि बाजूला. म्हणून सगळं साहित्य बॅगेच्या वजनाच्या किमान चौपट भार पेलणारं घ्या.

1. छत नेमकं कशाचं आहे ते पाहा. भरीव काँक्रीट किंवा मजबूत तुळई असेल तरच पुढे जा. खोट्या छताच्या चौकटीला, पंख्याच्या हुकाला किंवा पोकळ विटांच्या भिंतीला बॅग टांगू नका.
2. भोक पाडण्याआधी त्या जागी वायर किंवा नळ नाही याची खात्री करा.
3. एका हुकापेक्षा चार बोल्टची पाटी बरी, भार विभागला जातो.
4. पाटीखाली फिरती कडी बसवा. ती नसेल तर साखळी पिळली जाऊन झिजते. वर शेजारी राहत असतील तर कडीखाली स्प्रिंग लावा, छतातून जाणारा धक्का कमी होतो.
5. जोडणीला भारक्षमता छापलेली स्टीलची कडी वापरा. किल्ल्यांच्या जुडग्याला असते तसली नव्हे.
6. बॅग लावून तिला आधी हाताने ढकला, मग हलके ठोसे मारा, मग पूर्ण जोराने. प्रत्येक पायरीनंतर बोल्ट पाहा.

> सावधान : पहिल्या आठवड्यानंतर आणि पुढे दर महिन्याला बोल्ट आवळा. पाटीभोवती केसासारखी भेग किंवा पांढरी भुकटी दिसली तर बॅग त्याच दिवशी उतरवा.

भाड्याच्या घरात किंवा छतावर भरवसा नसेल तर उभी बॅग घ्या. तिच्या तळात पाणी भरलं तर लिटरला १ किलो मिळतो, कोरडी वाळू भरली तर दीड किलोच्या आसपास. वाळूच भरा. तळाखाली खडबडीत रबराचा तुकडा ठेवला की ती कमी सरकते. जोरदार लाथांना ती हलणारच, तेवढं गृहीत धरा.

टप्पा ६ : पॅड

हाताचे गोल पॅड फक्त ठोशांसाठी. त्यांवर लाथ घेतली की धरणाऱ्याचं मनगट किंवा बोटं जातात. लाथांसाठी लांब, दोन पट्ट्यांचे जाड पॅड जोडीने घ्या, पूर्ण जोराच्या लाथांसाठी मोठी ढाल.

पॅड चांगला असून चालत नाही, धरणाराही तयार हवा. कोपर वाकलेलं, पॅड खांद्यांच्या रुंदीच्या आत, आणि ठोसा येताना पॅड दोन-तीन बोटं पुढे. पॅड मागे ओढला तर मारणाऱ्याचं कोपर झटका खातं. पॅड स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरला तर तो आपल्याच नाकावर येतो.

टप्पा ७ : स्पारिंगचं संरक्षण

साहित्य दोघांकडे सारखं हवं. एकाला १६ औंस आणि दुसऱ्याला १०, किंवा एकाच्याच नडगीला गार्ड, हे चालत नाही. एकाचं काही कमी असेल तर त्या दिवशी फक्त पॅडचा सराव.

*माउथगार्ड.* गरम पाण्यात मऊ करून चावायचा प्रकार बहुतेकांना पुरतो. पाण्यात किती वेळ ठेवायचा ते पाकिटावर दिलेलं असतं आणि प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, अंदाजाने करू नका. बाहेर काढून पाणी झटका, आरशासमोर वरच्या दातांवर मध्यभागी बसवा, घट्ट चावा, हवा आत ओढा आणि बोटांनी बाहेरून ओठांवर, गालांवर दाबा. मग थंड पाण्यात धरा. बहुतेक जण नुसतं चावतात आणि दाबायचं विसरतात, मग तो बोलताना गळून पडतो. दातांना तारा असतील तर दंतवैद्याकडूनच करून घ्या.

> तपासा : तोंड उघडून डोकं हलवा. माउथगार्ड धरायला जीभ किंवा दात लावावे लागले तर पुन्हा गरम करून बसवा.

*हेडगार्ड.* याच्याबद्दल मोठा गैरसमज आहे. हेडगार्डने भुवईची चीर, कानाचा मार आणि डोक्याला डोकं लागल्याची इजा कमी होते. मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबत नाही, कारण हादरा येतो तो डोकं झटक्याने फिरल्यामुळे. हौशी बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेने २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर त्याशिवाय लढले. घरच्या स्पारिंगला तो घालाच, पण तो घातला म्हणून एक ठोसाही जास्त जोराने मारायचा नाही.

भुवयांच्या वर एक बोट, डोक्याभोवती टेप फिरवून घेर मोजा. गाल झाकणारा प्रकार घ्या, मात्र खालून येणारा ठोसा दिसला पाहिजे. घातल्यावर हनुवटी छातीला लावा आणि डोळ्यांच्या कोपऱ्यांतून दोन्हीकडे पाहा. नंतर कुणाला तरी ग्लोव्हने कपाळावर आणि बाजूने ढकलायला सांगा. हेडगार्ड फिरून डोळ्यावर आला तर मोठा आहे. दिसेनासं करणारा हेडगार्ड नसलेल्यापेक्षा वाईट.

*ग्रोइन गार्ड आणि छातीचा गार्ड.* पुरुषांनी कडक कप असलेला गार्ड कमरेला घट्ट बसणारा घ्यावा. सैल कप मार बसताच सरकतो आणि त्याची कडच लागते. स्त्रियांसाठी ओटीपोटाचा आणि छातीचा गार्ड वेगळा मिळतो. छातीचा गार्ड घालून हात पूर्ण वर नेता येतो का ते पाहा.

*शिनगार्ड.* गुडघ्याच्या वाटीखालपासून घोट्याच्या वाकणीपर्यंतचं अंतर मोजा. पाऊल झाकणारा, मागे पट्ट्यांचा प्रकार लाथांच्या स्पारिंगला योग्य. मोज्यासारखा घालायचा प्रकार ग्रॅपलिंगला बरा, पण तो पातळ असतो. खाली पूर्ण बसून पाहा : वरची कड वाटीत रुतली तर माप मोठं आहे.

टप्पा ८ : चढवण्याचा क्रम आणि पहिला राउंड

ग्लोव्हज हातात गेले की बाकी काहीच बांधता येत नाही. तरी लोक तेच आधी घालतात आणि मग दातांनी हेडगार्डचा पट्टा ओढतात. क्रम असा ठेवा : ग्रोइन आणि छातीचा गार्ड, शिनगार्ड, बँडेज, हेडगार्ड, माउथगार्ड, शेवटी ग्लोव्हज. अंगठी, घड्याळ, कानातलं, चष्मा काढून ठेवा. नखं कापलेली हवीत.

घरात तिसरा माणूस असल्याशिवाय स्पारिंग करू नका. दुसऱ्या ग्लोव्हचा पट्टा तो लावेल, वेळ तो पाहील आणि थांबवण्याचा अधिकारही त्याचाच. सुरुवातीला २ मिनिटांचे तीन राउंड, मध्ये १ मिनिट विश्रांती. जोर किती ते आधी बोलून ठरवा : पहिल्या राउंडला स्पर्शापुरता, पुढे वाढवायचा असेल तर दोघांच्या होकाराने. एकाने जोर वाढवला की दुसरा नकळत वाढवतोच, म्हणून तिसऱ्याने लगेच टोकावं.

> सावधान : डोक्याला मार बसल्यावर गरगरणं, मळमळ, डोकेदुखी, धूसर दिसणं, तोल जाणं किंवा तोच प्रश्न पुन्हा विचारणं, यांतलं एक जरी दिसलं तरी स्पारिंग तिथेच बंद. त्या दिवशी पुन्हा उभं राहायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. शुद्ध हरपली, उलट्या होत राहिल्या, झटके आले किंवा झोप आवरेना, तर थेट रुग्णालय.

टप्पा ९ : निगा आणि बाद करण्याची वेळ

घामेजलेले ग्लोव्हज पिशवीत बंद करून ठेवणं ही सगळ्यात महागडी सवय. आतला फोम कुजतो आणि वास कायमचा बसतो. सराव संपला की आतून कोरड्या कापडाने पुसा, पट्टा पूर्ण उघडा आणि सावलीत, वारा लागेल असे टांगा. कडक उन्हात कातडं तडकतं. बँडेज प्रत्येक सरावानंतर धुवा, वेल्क्रो बंद करून जाळीच्या पिशवीत टाका, नाहीतर ते बाकीच्या कपड्यांना चिकटून गोळा होतं. ज्यूदोचा सुती गणवेश थंड पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, गरम पाण्याने आटतो.

मॅट प्रत्येक ग्रॅपलिंगनंतर जंतुनाशकाने पुसा आणि बाटलीवर सांगितलेला वेळ ती ओली राहू द्या. लगेच कोरडी केली तर पुसल्याचा उपयोग होत नाही. दोन वेगवेगळी जंतुनाशकं एकत्र करू नका. नायटा किंवा उघडी जखम असलेल्याने मॅटवर येऊ नये, आणि चपला घालून कुणीच येऊ नये.

ग्लोव्हच्या मुठीपुढच्या गादीवर अंगठा जोरात दाबा. आतल्या हाताला अंगठ्याचं टोक स्पष्ट जाणवलं तर ग्लोव्ह बाद. गादी थोडीच बसली असेल तर स्पारिंगची जोडी बॅगेसाठी ठेवता येते. बॅगेची जोडी मात्र परत स्पारिंगला आणायची नाही. माउथगार्ड चावून आरपार झाला, हेडगार्डचा फोम बोटाने दाबल्यावर वर येईनासा झाला किंवा कप तडकला, की दुरुस्त करत बसू नका, बदला.